आधी काय द्यावयाचे?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा नेहमीचा अर्थ खर्चाचा आणि यातायातीचा. परंतु तिच्यात आणखीही एक अर्थ दडलेला आहे. घर बांधावयास घेतल्यावाचून आपल्याला कसले घर हवे होते, हे मालकाला स्वतःलाच नीट उमगत नाही. कागदावरचा नकाशा पाहून तो मान डोलावतो. भिंती कमरेइतक्या वर आल्या म्हणजे त्याला दिसते की स्वयंपाकघराची खिडकी पलीकडच्या अंगाला हवी होती, माजघरात उजेड येत नाही, आणि देवघरासाठी तर जागाच उरलेली नाही. गवंडी म्हणतो, "साहेब, हे आधी सांगावयाचे होते." मालक म्हणतो, "आधी कसे सांगणार? आत्ता दिसले." दोघांचेही म्हणणे खरे असते.

आज जो विषय मी मांडणार आहे तो या मालकाचा आणि गवंड्याचाच आहे. मात्र येथे घर विटांचे नसून संगणकाच्या आज्ञांचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे आहे. असली घरे बांधण्यात अमेरिकेने व युरोपने सत्तर वर्षांत अपार पैसा ओतला. त्यातला पुष्कळसा वाया गेला, आणि त्या नुकसानीतून एक साधा वाटणारा प्रश्न हळूहळू पुढे आला : सगळेच एकदम देता येणार नसेल, तर वापरणाऱ्याला आधी काय द्यावयाचे? हा इतिहास गावातल्या चारचौघांनी का ऐकावा, असे कोणी विचारील. बँकेचे पासबुक, रेल्वेचे आरक्षण, घरपट्टीची पावती, शेतीचा सातबारा, हे सारे आता याच आज्ञांच्या वाटेने आपल्या हाती येते. ही वाट चुकली की खिडकीसमोर ताटकळत उभे राहणारे आपणच असतो. शिवाय आपल्या घरोघरची मुले-मुली पुण्यामुंबईस हाच उद्योग करीत आहेत. ती नेमके काय करतात हे त्यांच्या आईबापांना कळले, तर बिघडणार नाही.

गार्मिशची सभा

१९६८ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीतील गार्मिश या डोंगराळ गावी नाटो संघटनेच्या विद्यमाने एक परिषद भरली. अकरा देशांतील सुमारे पन्नास तज्ज्ञ तेथे जमले होते. विद्यापीठातले पंडित होते, यंत्रे बनविणारे होते, ती वापरणारेही होते. संगणकाचे यंत्र दरवर्षी अधिक वेगवान व अधिक स्वस्त होत चालले होते. पण त्याला चालविणाऱ्या आज्ञा लिहिण्याचे काम मात्र वेळेवर संपत नव्हते, खर्चाच्या मर्यादेत राहत नव्हते, आणि संपले तरी नेमके हवे ते पदरी पडत नव्हते. या अवस्थेला तेथे 'सॉफ्टवेअरचे संकट' असे नाव मिळाले, आणि त्यावर उतारा म्हणून 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा शब्द प्रतिष्ठा पावला. योगायोग असा की, त्याच १९६८ साली आपल्या मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था स्थापन झाली. युरोपात संकटाचे नामकरण होत असताना आपल्याकडे या उद्योगाचे बारसे होत होते.

अभियांत्रिकी म्हटले की डोळ्यांपुढे पूल येतो, धरण येते. त्या कामाची रीत ठरलेली. प्रथम पाहणी, मग आराखडा, मग बांधकाम, मग तपासणी, शेवटी उद्घाटन. अर्धा पूल कोणी वापरीत नाही. तेव्हा सॉफ्टवेअरचीही रीत तीच असावी, असे पुष्कळांना वाटले तर नवल नाही. ग्राहकाला आरंभी एकदा बोलवावयाचे, त्याच्या सर्व मागण्या लिहून घ्यावयाच्या, त्याची सही घ्यावयाची, आणि दोन-तीन वर्षांनी तयार माल त्याच्या पुढ्यात ठेवावयाचा. मधल्या काळात ग्राहक जणू परगावी गेलेला!

एका कागदाची हकीकत

या रीतीला पुढे 'धबधबा' असे नाव पडले. कारण काम एका टप्प्यावरून खालच्या टप्प्यावर कोसळत जाते आणि पाणी उलटे चढत नाही. या धबधब्याचे जनकत्व ज्यांच्या माथी मारले जाते, ते विन्स्टन रॉइस नावाचे एक अमेरिकन अभियंता. त्यांनी १९७० साली एक निबंध वाचला. त्यात एकाखाली एक अशा टप्प्यांची आकृती आहे हे खरे; परंतु 'धबधबा' हा शब्द त्या निबंधात नाही, आणि आकृती काढून झाल्यावर रॉइस यांनी लगेच बजावले आहे की, ही रीत अशीच सरळ अमलात आणणे धोक्याचे आहे. त्यांचा सल्ला असा की, नव्या प्रकारचे काम असेल तर ते दोनदा करावे, पहिली खेप शिकण्यासाठी. आणि ग्राहकाला आरंभी, मध्ये व शेवटी, वारंवार कामात ओढावे.

लोकांनी चित्र पाहिले, मजकूर वाचला नाही! चित्रातली शिस्त कचेऱ्यांना मानवणारी होती. प्रत्येक टप्प्याला एक कागद, प्रत्येक कागदाला एक सही, प्रत्येक सहीला एक हप्ता. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअरच्या कंत्राटांसाठी जे मानक काढले, त्याचाही अर्थ व्यवहारात बहुधा असाच एकमार्गी लावला गेला. जे मानक संरक्षण खाते लावते, ते पाहता पाहता इतरांचेही होते.

ज्यांनी मोठी कामे स्वतः अंगावर घेतली होती, त्यांचा अनुभव निराळा होता. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या प्रचंड कार्यप्रणालीचे काम ज्यांनी चालविले, त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली की ते आणखीच रखडते, हा त्यांचा सिद्धान्त आज सर्वांच्या तोंडी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी १९८६ सालच्या एका निबंधात सांगितली. सॉफ्टवेअर बांधण्यातला सर्वांत अवघड भाग आज्ञा लिहिण्याचा नाही. नेमके काय बांधावयाचे हे ठरविण्याचा आहे. ग्राहकाला ते स्वतःला पुरते माहीत नसते, आणि काहीतरी चालते-बोलते त्याच्यापुढे ठेवल्याशिवाय ते त्याला कळूही शकत नाही. म्हणजे आपली म्हण आणि ब्रुक्स यांचे अनुमान एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

थोडे द्यावे, लवकर द्यावे

धबधब्याच्या शेजारून दुसरा एक ओढा पहिल्यापासून वाहत होता, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या अंतराळ-शटलचे मुख्य सॉफ्टवेअर १९७७ ते १९८० या काळात आयबीएमने तयार केले, ते एकतीस महिन्यांत सतरा फेऱ्यांनी. प्रत्येक फेरी सरासरी आठ आठवड्यांची. कारण उघड होते : यान बांधले जात असतानाच त्याच्या गरजा बदलत होत्या, सारे ठरेपर्यंत थांबावयाचे म्हटले असते, तर यान जमिनीवरच राहिले असते.

तिकडे जपानात वेगळाच विचार चालला होता. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोघा प्राध्यापकांनी १९८६ साली होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांतून नवी वस्तू कशी जन्मास येते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे एका खात्याने काम संपवून दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची रिले शर्यत नव्हती. रग्बीच्या खेळात सगळा संघ चेंडू आपसांत खेळवीत एकदम पुढे सरकतो, तशी रीत होती. त्या खेळातला 'स्क्रम' हा शब्द पुढे जेफ सदरलँड व केन श्वेबर यांनी उचलला आणि १९९५ साली आपली कार्यपद्धती त्या नावाने जगापुढे मांडली. थोडक्यात ती अशी : करावयाच्या सर्व कामांची एकच यादी, यादीचा क्रम ठरविणारा एकच जबाबदार माणूस, वरची थोडी कामे घेऊन काही आठवड्यांत ती खरोखर वापरण्याजोगी पुरी करावयाची, मग वापरणाऱ्यांना दाखवून यादी पुन्हा लावावयाची.

सुमारे त्याच वेळी क्रायस्लर या मोटारींच्या कंपनीत नोकरांच्या पगाराचा हिशेब नव्याने बांधण्याचे काम अडले होते. १९९६ साली केंट बेक तेथे आले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' म्हणून पुढे गाजलेली रीत बसविली. ग्राहकाचा माणूस कारागिरांच्या खोलीतच बसला पाहिजे, हे तिचे एक मुख्य कलम. १९९७ साली या प्रणालीने सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचा पगार काढून दाखविला. तथापि २००० साली कंपनीने ते काम बंद केले. सर्व कर्मचाऱ्यांचा पगार त्यावर आणण्याचा बेत तसाच राहिला. ही गोष्ट नव्या पंथाचे कौतुक करणारे पुष्कळदा वगळतात. मला ती फार बोलकी वाटते. खोलीत बसणारा ग्राहक एक असतो आणि पैसे देणारा ग्राहक दुसरा. पहिला प्रसन्न झाला म्हणून दुसरा झालाच असे नाही. 'ग्राहक' हा शब्द एकवचनी दिसतो खरा, परंतु त्याच्या पोटात बहुधा मोठे कुटुंब नांदत असते.

अशा निरनिराळ्या वाटांनी आलेले सतरा जण ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत यूटा राज्यातील स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी एकत्र जमले. त्यांनी जो छोटासा जाहीरनामा काढला त्यात 'अ‍ॅजाइल' हा शब्द निश्चित झाला. त्याचा अर्थ चपळ, वळणदार. जाहीरनाम्यासोबत बारा तत्त्वे आहेत. पहिल्याच तत्त्वाचा आशय असा की, उपयोगाचे सॉफ्टवेअर लवकर आणि सतत देत राहून ग्राहकाचे समाधान करणे हे आपले सर्वांत श्रेष्ठ कर्तव्य होय. दुसऱ्या एका तत्त्वाचा आशय असा की, जे काम करण्याची गरजच नाही ते न करणे हीसुद्धा एक कला आहे आणि ती अत्यावश्यक आहे. माझ्या मते सर्व इमारत या दोन खांबांवर उभी आहे.

दहा वर्षांचा एक धडा

तत्त्वे कागदावर सुंदरच दिसतात. त्यांची कसोटी पाहावयाची तर अमेरिकेच्या संघीय तपास खात्याची, एफबीआयची, हकीकत पाहावी. ती सरकारी चौकशी-अहवालांतून नमूद झालेली आहे, म्हणून तिच्यावर विसंबता येते.

या खात्याकडे १९९५ पासून तपासाच्या कागदपत्रांची एक संगणकीय व्यवस्था होती. ती नवी असतानाच जुनी होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, आणि अधिकृत दप्तर तरीही कागदाचेच. अहवाल टंकावयाचा, छापावयाचा, सही घ्यावयाची आणि फायलीला लावावयाचा. २००१ च्या मे महिन्यात, ओक्लाहोमा शहरातील बाँबस्फोटाच्या खटल्यात बचावपक्षाला द्यावयाची हजारो पाने दिलीच गेली नव्हती असे उघडकीस आले आणि आरोपीची फाशी जवळजवळ महिनाभर पुढे ढकलावी लागली. त्यानंतर चार महिन्यांनी ११ सप्टेंबर उजाडला. त्या घालमेलीत संशयितांची छायाचित्रे विभागीय कचेऱ्यांना ई-मेलने पाठविता येईनात, ती रातोरात कुरिअरने धाडावी लागली. रॉबर्ट म्यूलर यांनी खात्याची सूत्रे हाती घेऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

नव्या व्यवस्थेचे कंत्राट त्याच वर्षीच्या जूनमध्ये दिले गेले होते. 'व्हर्च्युअल केस फाइल' हे तिचे नाव. मागण्यांची जंत्री आठशेहून अधिक पानांची झाली. बेत असा होता की एका दिवशी जुनी व्यवस्था बंद पडावी आणि सगळ्या खात्यात नवी सुरू व्हावी. मधल्या काळात खात्याच्या मागण्या बदलत राहिल्या, देखरेख करणारे वरिष्ठ अधिकारी एकामागून एक बदलले, आणि कंत्राटदाराच्या कामातही दोष राहिले. डिसेंबर २००३ मध्ये माल आला. खात्याने तो नाकारला. पुढे लवादापुढे एकोणसाठ उणिवांचा निवाडा झाला, तेव्हा एकोणीस खात्याच्या बदललेल्या मागण्यांच्या पदरी पडल्या आणि चाळीस कंत्राटदाराच्या. २००५ साली हा सारा प्रकल्प सोडून देण्यात आला. सतरा कोटी डॉलर खर्च झाले होते. त्यांपैकी सुमारे साडेदहा कोटी निव्वळ बुडाले.

येथे दोष कोणाचा हा प्रश्न मला गौण वाटतो. मुख्य गोष्ट ही की, आठशे पानांत कोणते पान आधी, हे कोणी ठरविलेच नव्हते. सर्वच मागण्या सारख्याच निकडीच्या धरल्या गेल्या, आणि जेथे सर्वच निकडीचे असते तेथे काहीच निकडीचे उरत नाही. तपास-अधिकाऱ्याच्या हाती तीन वर्षांत काहीच पडले नाही. त्यामुळे जे लिहिले जात आहे ते त्याच्या उपयोगाचे आहे काय, हे त्याला सांगताही आले नाही.

मार्च २००६ मध्ये 'सेंटिनल' नावाने दुसरा प्रयत्न सुरू झाला. कंत्राटदार लॉकहीड मार्टिन. आता काम चार टप्प्यांत विभागले होते आणि २००९ च्या अखेरीस ते संपावयाचे होते. टप्पे पाडले हे बरे झाले. पण प्रत्येक टप्पा आपल्या परीने पुन्हा एक छोटा धबधबाच होता. काम लांबले. मार्च २०१० मध्ये ते अंशतः आणि जुलैमध्ये पूर्णपणे थांबविण्याचा हुकूम निघाला. तोवर मंजूर पंचेचाळीस कोटी दहा लाख डॉलरांपैकी सुमारे साडेचाळीस कोटी उडाले होते आणि चारांपैकी दोनच टप्प्यांचे काम हाती आले होते. त्याच रीतीने पुढे जावयाचे तर आणखी किमान सहा वर्षे आणि पस्तीस कोटी दहा लाख डॉलर लागतील, असा अंदाज एका स्वतंत्र संस्थेने दिला.

खात्याने तेव्हा काम स्वतःच्या हाती घेतले. दोनशेहून अधिक कंत्राटी माणसे होती ती सुमारे चाळीस उरली. आठशे पानांच्या जागी आता सुमारे सहाशे सत्तर लहान लहान 'कहाण्या' लिहिल्या गेल्या. कहाणी म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडचे एक वाक्य : 'मी तपास-अधिकारी, मला अमुक करता आले पाहिजे, म्हणजे माझे तमुक साधेल.' दर दोन आठवड्यांनी त्यांतल्या काही पुऱ्या करावयाच्या आणि चालवून दाखवावयाच्या. न चालणाऱ्या गोष्टीला अर्धे गुणही नाहीत. १ जुलै २०१२ रोजी सेंटिनल सर्व खात्यासाठी सुरू झाले, आणि खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला नाही.

ही गोष्ट ऐकून 'पाच वर्षांत जे झाले नाही ते वीस-बावीस महिन्यांत झाले' असा डंका पिटण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आधीच्या साडेचाळीस कोटींतून काही पाया घातला गेला होता, यंत्रसामग्री आली होती, आणि चुकांचे शिक्षणही झाले होते. नवी रीतसुद्धा ठरल्या मुदतीत पोचली नाही. प्रथम सप्टेंबर २०११ ही तारीख होती. पुढच्या महिन्यात सातशेहून अधिक लोकांनी एकदम वापरून पाहिले तेव्हा व्यवस्था दोनदा बंद पडली आणि यंत्रसामग्री अपुरी असल्याचे ध्यानी आले. परंतु फरक पाहा. हा दोष चालत्या गोष्टीत सापडला, दुरुस्त करता येण्याजोगा असताना सापडला, आणि ज्यांना ती वापरावयाची होती त्यांच्याच हातून सापडला. २०१४ साली चौकशी-अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारपूस केली. कामाला व्यवस्थेची मदत होते असे बहुसंख्यांनी सांगितले. पण शोध घेण्याच्या सोयीबद्दल तक्रार होती. ती वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांनाच हवे ते वारंवार सापडत होते. तपासाच्या दप्तरात शोधता न येणे ही काही किरकोळ उणीव नव्हे. तात्पर्य, यादी संपली म्हणून मोल पुरे पडले असे होत नाही.

क्रम लावण्याचे शास्त्र

हा क्रम लावावयाचा तरी कसा? मोठमोठ्या शब्दांत न शिरता एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गावच्या वाचनालयासाठी संगणकावर व्यवस्था बसवावयाची आहे आणि दोन कामे पुढे आहेत. पहिले, सर्व पुस्तकांची सूची. तिला चार आठवडे लागतील आणि झाल्यावर दर आठवड्याला कर्मचाऱ्यांचे आठ तास वाचतील. दुसरे, मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी. तिला एकच आठवडा लागेल आणि आठवड्याला चार तास वाचतील. कोणीही म्हणेल, मोठ्या लाभाचे काम आधी. हिशेब मांडून पाहू. सूची आधी केली तर तिची वाट पाहण्यात चार आठवड्यांचे बत्तीस तास गेले आणि यादीची वाट पाहण्यात पाच आठवड्यांचे वीस, एकूण बावन्न. यादी आधी केली तर तिचे चार आणि सूचीचे पाच आठवड्यांचे चाळीस, एकूण चव्वेचाळीस. काम तेवढेच, माणसे तीच. केवळ क्रम बदलल्याने आठ तास वाचले. लाभाला श्रमाने भागावे आणि जेथे भागाकार मोठा तेथे आधी हात घालावा, हे या शास्त्राचे पहिले सूत्र. उशिराची किंमत मोजावयाची असते, हे त्याचे मर्म.

दुसरे सूत्र वर्गवारीचे. इंग्लंडात १९९४ च्या सुमारास डाय क्लेग यांनी मागण्यांचे चार ढीग पाडण्याची रीत घालून दिली : वाचून चालणारच नाही अशा, असाव्यात अशा, असल्या तर बऱ्या अशा, आणि या खेपेस नकोत अशा. चौथा ढीग हा सर्वांत मोलाचा. नको म्हणण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याने क्रम लावावयास बसू नये.

तिसरे सूत्र सावधगिरीचे. जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ साली दाखविले की काही गुण असे असतात, जे असले तर कोणी वाहवा करीत नाही आणि नसले तर कोणी क्षमा करीत नाही. वाचनालयातील एकही वाचक 'नोंदींची दुसरी प्रत सुरक्षित ठेवा' अशी मागणी करणार नाही. परंतु एका रात्री यंत्र जळाले तर सर्वजण हेच विचारतील. तेव्हा ग्राहक मागेल ते आधी, इतकाच अर्थ घेणारा फसेल. ग्राहकाच्या तोंडून जे येते ते ऐकावे, आणि जे येत नाही त्याचीही आठवण जाणत्या कारागिराने त्याला करून द्यावी. आजारी माणूस गोड औषध मागतो. वैद्य त्याचे ऐकून घेतो आणि तरी नाडी पाहतो.

ग्राहक कोण?

या सर्व इतिहासातून मला जो प्रश्न शिल्लक दिसतो तो हा की, मोल कोणाच्या दृष्टीने मोजावयाचे? सेंटिनलचा ग्राहक कोण होता? कागदोपत्री खाते; पैसे देणारी काँग्रेस; वापरणारा तपास-अधिकारी; त्या कागदांवर विसंबणारे न्यायालय; आणि ज्याच्या जिवाच्या रक्षणासाठी हे सर्व चालले होते तो सामान्य नागरिक. शेवटच्या दोघांना कोणत्याही दोन-आठवडी बैठकीत खुर्ची नव्हती. त्यांच्या वतीने बोलणारे कोणी तेथे असेल तरच त्यांचे मोल यादीत चढते. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचे काम वर जाते आणि त्याला 'ग्राहकमूल्य' असे गोंडस नाव मिळते.

आज अ‍ॅजाइल हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे आणि सर्वतोमुखी होणाऱ्या शब्दाचे जे होते ते त्याचेही होऊ पाहत आहे. रोज सकाळची उभी बैठक होते, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागतात, दोन आठवड्यांच्या फेऱ्या पंचांगासारख्या फिरतात. आणि हे काम केले तर नेमक्या कोणाचे काय भले होईल, हा प्रश्न महिनोन्‌महिने कोणी विचारीत नाही. जानवे राहिले आणि संध्या गेली, अशी ही स्थिती. धबधब्याच्या काळात लोकांनी चित्र घेतले आणि मजकूर सोडला. आता विधी घेऊन तत्त्व सोडले, तर पन्नास वर्षांच्या शिक्षणाला अर्थ उरणार नाही.

म्हणून आपल्या मुलाबाळांपैकी कोणी या उद्योगात असेल तर त्याला एवढेच विचारावे : "तू जे करतोस ते शेवटी कोण वापरतो, आणि त्याने ते वापरताना तू कधी पाहिले आहेस काय?" आणि आपल्या गावच्या कचेरीत नवी संगणकीय व्यवस्था येणार असे कळले, तर तिचा खर्च किती याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. आम्हांला तिचा पहिला उपयोग कोणत्या महिन्यात होणार? आणि तो पाहून आम्ही काही सांगितले, तर ते ऐकून घेण्यास कोण बसले आहे? घर बांधताना मालकाने रोज संध्याकाळी एक फेरी मारावी, हे आपले वाडवडील सांगत आले. कोट्यवधी डॉलर बुडवून मोठमोठ्या राष्ट्रांनी जे शिकले, ते याहून फारसे निराळे नाही. मात्र त्या फेरीच्या वेळी गवंड्याने काम थांबवून मालकाचे ऐकले पाहिजे, आणि मालकानेही आज कोणती भिंत उभी राहावी हे एकच सांगितले पाहिजे.